तारेचा गुन्हा, वाद्याला शिक्षा

१९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला दाराबाहेर काढलें, आणि तें दार पुन्हां किलकिलें होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. या बंदीच्या बाजूनें व विरुद्ध आमच्याकडे जें कांहीं लिहिलें गेलें तें एकत्र केल्यास एखादें कपाट सहज भरेल. पेटीवरील आरोपांपैकीं एक मात्र निर्विवाद खरा होता. पेटीची पत्ती एकदां घासून स्वरास बसविली कीं ती तोच स्वर बोलत राहते. तिला ओढतां येत नाहीं, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां जाण्याची जी मींड, ती तिच्यांतून निघणें अशक्य. परंतु खऱ्या आरोपाची एक गंमत असते. तो एकदां सिद्ध झाला कीं आरोप करणाराला त्याची चटक लागते, आणि मग दिसेल त्या परक्या वाद्यावर तो तीच फिर्याद गुदरूं लागतो. हल्लीं ही पाळी मँडोलिनवर आलेली आहे.

गेल्या वर्षीं एका मैफलीनंतर घडलेली गोष्ट सांगतों. माझा एक विद्यार्थी मँडोलिन वाजवितो. महाविद्यालयांत तो माझ्याकडे पदार्थविज्ञान शिकतो, आणि घरीं आपल्या आपण रागदारी. त्या दिवशीं वाद्य त्याच्या खांद्यावर होतें. मैफलीस आलेल्या एका नामांकित संगीतज्ञांनीं तें बाहेर काढावयास लाविलें, चार स्वर वाजवून घेतले, आणि सर्वांदेखत निकाल दिला: "बाळ, हें पडद्यांचें खेळणें सोडून दे आणि सतार घे. यांत मींड नाहीं, आणि जेथें मींड नाहीं तेथें राग नाहीं." मुलगा ओशाळला. जमलेल्या मंडळींनीं माना डोलविल्या. मीं तेथेंच विचारावयास हवें होतें कीं, महाराज, सतारीला पडदे नसतात काय? परंतु मोठ्या माणसापुढें विचारावयाचा प्रश्न सुचतो तो घरीं परतल्यावर, जोडे काढतांना. हा लेख म्हणजे तो उशिरा सुचलेला प्रश्न होय.

प्रथम एक गोष्ट कबूल करतों. त्या दिवशीं त्या वाद्यांतून मींड निघाली नाहीं हें खरें. मुलानें तार ओढली, बोटाचें टोक पांढरेंफटक झालें, आणि स्वर जागचा जेमतेम हालला. संगीतज्ञांनीं जें ऐकलें तें बरोबरच ऐकलें. चूक कानाची नव्हती, अनुमानाची होती. ज्या तारा त्या वाद्यावर होत्या त्या त्या वाद्याच्या नव्हत्या, आणि ज्या संगीताची त्याच्याकडून अपेक्षा केली जात होती त्या संगीताच्या तर मुळींच नव्हत्या. गुन्हा तारेनें केला आणि शिक्षा वाद्याला झाली, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

तें वाद्य त्याच्या आजोबांचें. आजोबा मूळचे सासष्टीचे. तरुणपणीं पोटामागें मुंबईस आले ते हें मँडोलिन बरोबर घेऊनच. त्याची पाठ लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेली, कलिंगडाच्या फोडीसारखी गोल. पोटाची फळी पातळ, फार तर दोन-तीन मिलिमीटरची. ही घडण नेपल्सची. तेथील विनाच्चिया घराण्यांतील पास्क्वाले या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या वाद्यावर पोलादी तारा चढविल्या, आणि मँडोलिनला आज आपण ओळखतों तो आवाज आला. आठ तारा, दोन-दोनांच्या चार जोड्या, स्वर व्हायोलिनचेच. या तारा घोडीवरून जाऊन वाद्याच्या बुडाशीं अडकतात. म्हणून त्या जितक्या ताणाव्या तितकी घोडी पोटाला खालीं दाबते. नेपल्सच्या कारागिरानें ती फळी त्या काळच्या बारीक तारांचा भार धरून बेतलेली होती.

मँडोलिनचा दुसरा देह अमेरिकेंत घडला. ऑर्व्हिल गिब्सन यानें १८९८ सालीं ज्या घडणीचें पेटंट घेतलें तींत पाठ गोल नाहीं. पोट व पाठ व्हायोलिनप्रमाणें जाड लाकडांतून कमानदार कोरून काढलेलीं. त्याच्या नांवानें चालणाऱ्या कारखान्यांत लॉइड लोअर याच्या देखरेखीखालीं १९२२ पासून जें एफ-५ नांवाचें मँडोलिन निघूं लागलें तें या घडणीचा कळस मानलें जातें. बिल मन्रो याच्या हातीं असलेलें १९२३ सालचें एफ-५ हें ब्लूग्रास नांवाच्या संगीताचें जणूं आद्यपीठ. या संगीतांत ताशा नाहीं, तबला नाहीं. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मँडोलिनच्या सर्व तारांवर एकदम आघात करून लगेच बोटांनीं आवाज मारावयाचा, म्हणजे तोच ठेका. असल्या आघातास जाड, ताठ, न डगमगणारी तार लागते, आणि कमानदार पोट तिचा भार सुखानें पेलतें. तेथें तिची निवड अगदीं योग्य आहे. तक्रार आहे ती तिच्या परदेशगमनाविषयीं.

आजोबा वारल्यावर दोन-तीन वर्षें वाद्य खुंटीला टांगलेलें होतें. तारा गंजून गेल्या. नातवानें मुंबईच्या एका दुकानांत जाऊन नव्या मागितल्या. दुकानदारानें वाद्याची पाठ गोल कीं सपाट हें विचारलें नाहीं, वाजविणार काय हें विचारलें नाहीं. "बारीक तारा शिकाऊ पोरांना, खरा वादक ह्या लावतो," असें म्हणून त्यानें मध्यम म्हणविला जाणारा परदेशी संच मुलाच्या हातीं ठेवला. पहिली तार .०११ इंचाची, शेवटची .०४० इंचाची. अठरा वर्षांच्या मुलाला शिकाऊ म्हणवून घेणें आवडत नाहीं. त्यानें पैसे मोजले. सहा महिन्यांत घोडीखालीं पोट खचलें, दांडी किंचित् वर उचलली आणि तारा पडद्यांपासून इतक्या दूर गेल्या कीं स्वर दाबतांनाच बोट थकून जावें. वाद्य या स्थितींत असतांना तें त्या न्यायासनापुढें उभें राहिलें.

पाकिटावरील 'हलका', 'मध्यम', 'जड' या शब्दांवर कोणीं विसंबूं नये. एका कारखान्याचा मध्यम तो दुसऱ्याचा जड असूं शकतो. पाहावयाचे ते आंकडे. .०१० आणि .०११ यांत फरक इंचाच्या एक हजारांश भागाचा, म्हणजे केंसाहूनहि बारीक. पण तारेचा भार तिच्या जाडीच्या वर्गाप्रमाणें वाढतो, म्हणून तो एकदम एकवीस टक्क्यांनीं चढतो. साधारण पस्तीस सेंटिमीटर लांबीच्या मँडोलिनवर पहिल्या स्वरास बसविलेली .०१० ची तार पावणेनऊ किलोंच्या आसपास ओढ देते, .०११ ची साडेदहा किलोंची. हें एका तारेचें झालें. आठांची बेरीज मध्यम संचांत पाऊणशें किलोंच्या वर जाते. एक धडधाकट माणूस त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फळीच्या गळ्यांत रात्रंदिवस लोंबकळत आहे अशी कल्पना करावी, म्हणजे आजोबांच्या मँडोलिनचें काय झालें तें कळेल.

हें आमच्या लोकांना कळत नाहीं असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. मिरजेस तंबोरा घ्यावयास जाऊन पाहा. ज्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ते करणारा कारागीर तारेच्या गुंडाळीला हात लावण्यापूर्वीं विचारतो: गाणार कोण? पट्टी कोणती? पुरुषाच्या तंबोऱ्याच्या तारा निराळ्या, बायकांच्या निराळ्या, आणि सबंध गांवांत कोणीहि म्हणत नाहीं कीं जाड तार खऱ्या गवयाची व बारीक तार शिकाऊची. जें शहाणपण आपण तंबोऱ्याच्या बाबतींत पिढ्यान् पिढ्या वापरतों तें, पाकिटावर रोमन अक्षरें दिसतांच, आपण दुकानाबाहेर जोड्यांबरोबर काढून ठेवतों.

आतां मींडेकडे वळतों. येथें दोन समजुती आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. जड संच विकणारे म्हणतात, जाड तार जास्त ओढली जाते, म्हणून मींड लांब निघते. त्यांवर रागावलेले म्हणतात, छे, तार बारीक करा, मींड आपोआप लांबेल. मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानें १६३६ सालीं तारेचे जे नियम छापले ते दोघांनींहि पाहिलेले दिसत नाहींत. लांबी, ताण व तारेचें वजन या तिहींवर स्वर अवलंबून असतो. लांबी तीच आणि स्वर तोच ठेवून तार जाड केली तर वजन वाढतें आणि त्याच प्रमाणांत ताणहि वाढवावा लागतो. परिणामीं पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारी ओढ जशीच्या तशीच राहते. आणि तार बाजूला सरकविल्यावर स्वर किती चढेल हें या ओढीवर ठरतें, जाडीवर नाहीं. बारीक तार व जाड तार दोन्ही सारख्याच अंतरानें सरकवा, स्वर सारखाच चढेल. फरक पडतो तो बोटाला. बारीक तारेला जोर कमी लागतो, म्हणून माणूस ती अधिक सरकवितो, आणि श्रेय मात्र तारेला देतो.

मग मींड खरोखर वाढते कशानें? स्वर उतरविल्यानें. ओढ ही स्वराच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. मँडोलिनची पहिली तार दुसरीहून पांच सुरांनीं, म्हणजे षड्जापासून पंचमाइतकी, वर असते. म्हणून तिच्यावरील ओढ दुसरीच्या सव्वादोन पट. तिला कितीहि ओढा, ती हट्टी मुलासारखी जाग्यावर बसून राहते. उलट दुसऱ्या तारेचें गणित मांडून पाहिलें आणि मला स्वतःलाच नवल वाटलें: तिच्यावर दर चौरस मिलिमीटरला पडणारी ओढ सतारीच्या बाजाच्या तारेच्या अगदीं जवळपास येते. ज्या पोलादाला सतारींत आपण राग बोलतांना ऐकतों, तेंच पोलाद जवळजवळ त्याच ताणावर मँडोलिनच्या दुसऱ्या जागीं बसलेलें आहे. सबंध वाद्य एक स्वर उतरवून लाविलें तर ओढ आणखी पांचव्या हिश्शानें घटते, आणि तेवढ्याच सरकविण्यांत मींड सुमारें चतुर्थांशानें वाढते. फार उतरविल्यास तार सैल पडून पडद्यांवर खडखडते, तेव्हां मात्र जराशी जाड तार घ्यावी. म्हणजे जाड तारेलाहि स्थान आहे. तें स्वर ठरविल्यानंतरचें. आमच्याकडे तार आधीं विकत घेतात, ती पाश्चात्य स्वरांस ताणून बसवितात, आणि मग तींत मारवा शोधतात.

संगीतज्ञांच्या बाजूनें जें खरें आहे तें लपवावयाचें नाहीं. सतारीचे पडदे रुंद असतात, त्यांवर तार आडवी ओढावयास चांगली तीन-चार बोटें जागा असते. म्हणून सतारीवर एकाच आघातांत चार-पांच स्वरांची मींड घेतां येते. मँडोलिनची दांडी अरुंद, तार लहान. तेथें एक स्वराची मींड मिळाली तरी पुष्कळ. लांबचा पल्ला घसिटीनें गांठावा लागतो. ही मर्यादा खरी आहे. परंतु मर्यादा असणें वेगळें आणि मींड नसणें वेगळें. सरोदाला पडदे नाहींत, सनईला तार नाहीं, संतूराला तारा आहेत पण पडदे नाहींत. आणि हीं सर्व वाद्यें आज त्याच मैफलींत बसतात जेथून मँडोलिनला उठविण्यांत आलें.

दुसरी खरी अडचण जोड्यांची. मींड घेतांना एका जोडींतील दोन्ही तारा एकाच बोटानें ओढाव्या लागतात. त्या कधींच तंतोतंत सारख्या सरकत नाहींत, आणि स्वर चढतां चढतां त्यांचें आपसांत भांडण सुरू होतें. एकच स्वर दोन तोंडांनीं बोलल्यासारखा ऐकूं येतो. यावरचा उपाय एका दक्षिणी मुलानें काढला. उप्पलपु श्रीनिवास (१९६९-२०१४) यानें जोड्या काढून टाकल्या, एकेरी तारा लावल्या, पुढें त्यांची संख्या पांच केली, आणि एकेरी तारेचा आवाज लहान पडतो म्हणून विजेचें मँडोलिन पत्करलें. कर्नाटक संगीतांत गमकावांचून स्वर उभाच राहत नाहीं. मींडेची आमची मागणी त्यापुढें सौम्य म्हणावी लागेल. तरी तो वयाच्या चौदाव्या वर्षीं, १९८३ सालीं, बर्लिनच्या जाझ महोत्सवांत कर्नाटक संगीत वाजवून आला, आणि दक्षिणेंतील कर्मठ सभांनीं त्याला मानानें बसविलें. मद्रासच्या श्रोत्याला जें पटलें तें पुण्याच्या श्रोत्याला पटूं नये, यांत श्रोत्याचा अभिमान असेल. कानाचा पुरावा नाहीं. आणि आमच्या बाजूस तरी काय उणें होतें? 'संगदिल' (१९५२) व 'रुस्तम सोहराब' (१९६३) यांचे संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७-१९९५) मुंबईंतच राहून मँडोलिनवर राग वाजवीत होते. आमची आठवण मात्र १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' मधल्या नायकाच्या हातांतील मँडोलिनपाशीं येऊन थांबते. वाद्याला खेळणें म्हणणाऱ्यांचा बहुधा तोच एक अनुभव असावा.

तारेच्या धातूविषयीं थोडें लिहितों, कारण दुकानांत सर्वांत अधिक बोललें जातें तें याविषयीं. मँडोलिनच्या वरच्या दोन जोड्या साध्या उघड्या पोलादाच्या. खालच्या दोन जोड्यांवर दुसऱ्या धातूचें सूत गुंडाळलेलें असतें. 'ऐंशी-वीस ब्राँझ' म्हणून जें विकतात त्यांत ऐंशी भाग तांबें व वीस भाग जस्त, म्हणजे तें शुद्ध मराठींत पितळ होय, कांसें नव्हे. फॉस्फर ब्राँझ हें मात्र तांबें व कथील यांचें खरें कांसें, थोड्या फॉस्फरससह. पहिल्याचा नाद उजळ, पण लवकर मावळतो. दुसऱ्याचा थोडा ऊबदार व टिकाऊ. निकेल त्याहून संयमी. आणि गुंडाळणी गोल सुताची नसून सपाट पट्टीची असेल तर तारेवरून बोट घसरतांना होणारी करकर जवळजवळ नाहींशी होते. घसीट ज्याला प्रिय आहे त्यानें किंमत थोडी अधिक पडली तरी सपाट गुंडाळणीच घ्यावी. पण एवढें लक्षांत ठेवावें कीं या सर्व जाहिराती खालच्या दोन जोड्यांच्या आहेत. मींड वाजते ती बहुधा उघड्या पोलादावर, आणि तें पोलाद महाग-स्वस्त सर्व संचांत बहुतेक सारखेंच असतें. सोन्याच्या भावानें घेतलेल्या पाकिटांतील मींडेची तार ही त्यांतील सर्वांत स्वस्त वस्तु होय. कोंकणांत व मुंबईंत तिचा खरा शत्रु खारट दमट हवा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसलेली साधी तार न पुसलेल्या विलायती तारेहून अधिक दिवस खरी बोलते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षां मुलानें सतारच कां घेऊं नये? घ्यावी, त्याला हवी असेल तर. पण त्याला ती नको आहे. ज्या वाद्यावर आजोबा संध्याकाळीं गॅलरींत बसून वाजवीत तें त्याला हवें आहे, आणि आपण शिकतों तें संगीत त्यांतून काढावें असें त्याला वाटतें. कलेच्या इतिहासांत वाद्यें याच मार्गानें एका समाजांतून दुसऱ्यांत गेलेलीं आहेत. व्हायोलिन आमच्याकडे आलें तेव्हां त्याच्या तारा पाश्चात्य रीतीनेंच लाविलेल्या होत्या. आमच्या वादकांनीं ते स्वर बदलून षड्ज-पंचमांस बसविले आणि वाद्य मांडी घालून घेतलें. त्या वेळीं कोणी त्याला तसेंच परत पाठविलें असतें तर आज आपणच हळहळत बसलों असतों.

मुलाचें वाद्य मीं मिरजेस नेलें. कारागिरानें पाठ थोपटून पाहिली, पोटावर नख मारून कान लाविला, आणि मला, प्रोफेसर असूनहि, एक शब्द सुनावला: "साहेब, एवढ्याशा पोटावर एवढा बोजा घालतात होय?" त्यानें आंतून पट्टी चिकटवून फळी उचलली, दांडी सरळ केली, घोडी किंचित् सरकवून बाराव्या पडद्याशीं सप्तक जुळवून दिलें, तार बदलली कीं घोडीची जागाहि बदलते हें दुकानदार सांगत नाहींत. मग आम्हीं तिघांनीं मिळून तारा ठरविल्या. पहिली .०१० ची, दुसरी .०१४ ची, दोन्ही एकेरी; खालच्या दोन जोड्या जोड्याच ठेवल्या, सपाट गुंडाळणीच्या; आणि सबंध वाद्य एक स्वर खालीं. आठांच्या सहा तारा झाल्या. आवाज लहान झाला, हें कबूल केलें पाहिजे. मोठ्या दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास तो पोंचत नाहीं. पहिल्या तारेवर अजूनहि अर्ध्या स्वरापलीकडे जातां येत नाहीं. दुसरीवर मात्र पाऊण ते एक स्वर सहज चढतो, बोट पांढरें न होतां. कोमल गांधारावरून मध्यमाला स्पर्श करून परत येतांना वाद्य आतां अडखळत नाहीं.

मुलाला मीं गणित समजावून सांगितलें तेव्हां त्यानें विचारलें, "सर, मग त्या दिवशीं त्यांना हें कां नाहीं सांगितलें तुम्ही?" त्याचें उत्तर मीं वर दिलेंच आहे. त्या संगीतज्ञांना येत्या महिन्यांत घरीं येऊन मुलाचा अर्धा तास बागेश्री ऐकण्याचें निमंत्रण मीं पत्रानें पाठविलें आहे. खोली लहान आहे. दुसऱ्या टोकास आवाज न पोंचण्याची भीति नाहीं. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.